पडद्यावरील ठिणगी



चित्रपटांतील रणांगणावर उडणारी धूळ, वादळांत सांपडलेल्या जहाजाच्या नाळेवर फुटणारा फेस, जादूगाराच्या बोटांतून निघणारा प्रकाशाचा फवारा, ह्यांपैकीं पुष्कळ गोष्टी कॅमेऱ्यापुढें कधींच घडलेल्या नसतात. त्या संगणकांत जन्माला येतात, आणि ज्या तंत्रानें त्यांना जन्म दिला जातो त्यास कणप्रणाली असें म्हणतां येईल. आज हें तंत्र ॲनिमेशनच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरमध्यें आढळतें. परंतु एकाच नांवाखालीं निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळीं यंत्रें ठेवलेलीं आहेत. तीं यंत्रें कशीं चालतात, त्यांत साम्य कोणतें व भेद कोणता, आणि निवड करण्याची पाळी आली तर ती कोणत्या कसोटीवर करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय कारागिरांचा आहे खरा. पण तो आतां त्यांच्यापुरता राहिलेला नाहीं. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांतील मुलें व मुली हा व्यवसाय शिकूं पाहतात, आणि शिकवणीची फी भरण्यापूर्वीं ‘सॉफ्टवेअर कोणतें शिकावें?’ हा प्रश्न आईवडिलांपुढें येऊन उभा राहतो. त्याचें उत्तर बहुधा जाहिरातीवरून ठरतें, किंवा शेजारच्या मुलाला कोठें नोकरी लागली त्यावरून ठरतें. उत्तर चुकलें तर पैसा जातो हें उघड आहे. पण त्याहून मोठी हानि ही कीं, तरुण वयांतील दोनतीन वर्षें एका विशिष्ट यंत्राच्या कळा पाठ करण्यांत जातात, आणि तें यंत्रच बाजारांतून उठलें म्हणजे हातीं फारसें कांहीं उरत नाहीं. असें प्रत्यक्ष घडलेलें आहे. त्याची हकीकत पुढें ओघानें येईल.

प्रथम कणांचा आश्रय कां करावा लागला तें पाहूं. खुर्ची, मोटार, माणसाचा चेहरा ह्यांना निश्चित पृष्ठभाग असतो. लहान लहान त्रिकोणांनीं व चौकोनांनीं वर्णन करून तो संगणकाला सांगतां येतो. पण ज्वाळेला पृष्ठभाग कोठला? धुराची कड कोणती? अशा वस्तूंचें रूप क्षणाक्षणाला पालटतें, आणि त्यांचा एक भाग दुसऱ्यापासून केव्हां सुटला हें सांगतां येत नाहीं. १९८२ मध्यें ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या दुसऱ्या चित्रपटांत, एका निर्जीव ग्रहाला अग्नीची लाट वेढून टाकते, असें दृश्य दाखवावयाचें होतें. लुकासफिल्मच्या संगणक विभागांतील विल्यम रीव्हज् ह्यांनीं ती लाट एक अखंड वस्तु म्हणून न रेखाटतां असंख्य स्वतंत्र कणांचा समुदाय म्हणून घडविली, आणि १९८३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्या पद्धतीची व्यवस्थित मांडणी केली. प्रत्येक कणास जन्मतः जागा, वेग, आकार, रंग, पारदर्शकता व आयुष्य हीं नेमून दिलीं कीं पुढचें काम नियम करतात. कलावंतानें एकेक कण हलवावयाचा नसतो. त्यानें कणांचा कायदा लिहावयाचा असतो. ही त्यांतील मुख्य कल्पना, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती बदललेली नाहीं.

हें अधिक स्पष्ट व्हावें म्हणून दिवाळींतली साधी फुलबाजी घेऊं. तारेच्या जळत्या टोकापासून ठिणग्या सुटतात. समजा, दर सेकंदाला ६०० ठिणग्या सुटतात आणि प्रत्येक ठिणगी अर्धा सेकंद जगते. तर कोणत्याहि क्षणीं सुमारें ३०० ठिणग्या जिवंत असतील. चित्रपटांत एका सेकंदाला २४ चित्रें, म्हणजे २४ फ्रेम, असतात; तेव्हां प्रत्येक फ्रेमला २५ नव्या ठिणग्या जन्मास घालावयाच्या आणि ज्यांचें आयुष्य सरलें त्या काढून टाकावयाच्या. उरलेल्यांच्या वेगांत गुरुत्वाकर्षणाची भर घालावयाची. पडणाऱ्या वस्तूचा वेग एका सेकंदांत ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. एका फ्रेममध्यें त्याचा चोविसावा हिस्सा, म्हणजे सुमारें ०.४१, एवढी ही भर होय. मग हवेच्या अवरोधाची वजावट करावयाची, नव्या वेगानें प्रत्येक ठिणगी पुढें सरकवावयाची, आणि शेवटीं वयाप्रमाणें पांढरा, पिवळा, तांबूस असा रंग देऊन ती चित्रांत उतरवावयाची. जन्म, वय, बल, गति, रंग आणि मृत्यु ह्या सहा पायऱ्या कोणतेंहि सॉफ्टवेअर उघडलें तरी सांपडतातच.

ह्यांत यदृच्छेचाहि थोडा अंश मिसळावा लागतो. सर्व ठिणग्या सारख्याच वेगानें सुटल्या तर फुलबाजी न दिसतां उघडलेली छत्री दिसेल; म्हणून वेगांत, दिशेंत व आयुष्यांत थोडा कमीअधिकपणा ठेवतात. परंतु ही यदृच्छा लहरी नसते. तिला आरंभाचा एक अंक दिलेला असतो. त्यास ‘बीज’ म्हणतात. तेंच बीज दिलें कीं तीच ठिणगी त्याच ठिकाणीं पुन्हा पडते. दिग्दर्शकानें काल पसंत केलेलें दृश्य आज तसेंच्या तसें निघालें पाहिजे, ही व्यवसायाची गरज. आणि ती भागावी म्हणून निसर्गाच्या यदृच्छेला येथें हिशेबाची शिस्त लावलेली असते.

आतां हीच फुलबाजी तीन सॉफ्टवेअरांत कशी पेटते तें पाहूं. ब्लेंडर, माया व हुडिनी हीं तीं तीन होत. ब्लेंडर हें मूळचें हॉलंडमधलें. टोन रूझेनदाल ह्यांनीं आरंभिलेलें हें सॉफ्टवेअर २००२ मध्यें मुक्त झालें आणि कोणालाहि फुकट मिळतें. माया १९९८ मध्यें बाजारांत आली. आज ती ऑटोडेस्क कंपनीच्या मालकीची आहे. हुडिनी टोरोंटो येथील साइडएफएक्स कंपनीचें असून १९९६ पासून चालत आलेलें आहे.

पहिला भेद अगदीं आरंभींच आढळतो, आणि तो कणांच्या संख्येविषयीं आहे. ब्लेंडरची जुनी कणप्रणाली म्हणजे एक भरावयाचा तक्ता आहे. त्यांत आपण एकंदर संख्या आणि जन्माचा काळ सांगतों. १००० कण पहिल्या २०० फ्रेमांत जन्मावेत असें लिहिलें, तर सरासरी फ्रेमला ५, म्हणजे सेकंदाला १२० कण होतात. दृश्य लांबलें म्हणून काळ दुप्पट केला आणि संख्या तशीच ठेवली, तर फवारा निम्म्यानें विरळ होतो. नवशिक्याला ह्याचें कारण उमगत नाहीं. माया व हुडिनी ह्यांत नेहमीची पद्धत दर सांगण्याची आहे: सेकंदाला इतके कण. तेथें दृश्य कितीहि लांबलें तरी दाटी बदलत नाहीं. पहिली रीत मोजके कण हवे असतील तेव्हां सोयीची, दुसरी अखंड धार हवी असेल तेव्हां.

दुसरा भेद मापाचा आहे. ब्लेंडर व हुडिनी ह्यांत एक एकक म्हणजे एक मीटर असें धरून चालतात. मायेचें नेहमींचें एकक सेंटीमीटर. परंतु तिच्यांतील न्यूक्लियस नांवाची गणितयंत्रणा, जिच्यावर एनपार्टिकल्स हे कण चालतात, ती त्याच एककाला मीटर समजते. परिणाम असा होतो कीं, खऱ्या मापानें रचलेल्या दृश्यांत ठिणग्या जडपणें न पडतां पिसासारख्या तरंगत खालीं येतात. ह्यासाठीं न्यूक्लियसमध्यें मापाचें प्रमाण सुधारून घेण्याची सोय ठेवलेली आहे. ज्याला गुरुत्वाकर्षणाचा आंकडा ठाऊक आहे तो हा दोष पाहतांच ओळखतो. ज्याला फक्त कळा ठाऊक आहेत तो ठिणग्यांचें ‘वजन’ वाढवीत बसतो आणि दृश्य अधिकच बिघडवितो.

तिसरी गोष्ट वेगाची. मूल पेटती फुलबाजी गोल फिरवूं लागलें आणि तिचें टोक सेकंदाला २.४ मीटर वेगानें फिरत असेल, तर एका फ्रेममध्यें तें १० सेंटीमीटर पुढें जातें. संगणकानें सगळे जन्म फ्रेमच्या आरंभींच उरकले, तर अखंड वलय न उमटतां दर १० सेंटीमीटरांवर ठिणग्यांचे पुंजके दिसतील. म्हणून हुडिनीमध्यें जन्माची वेळ फ्रेमच्या आंत विखुरण्याची सोय आहे. ब्लेंडरमध्यें एका फ्रेमचे अधिक सूक्ष्म भाग पाडून हिशेब करवितां येतो. जोरानें जाणारा कण पातळ भिंतींतून आरपार निघून जातो, ह्या नित्याच्या तक्रारीवरहि हाच उपाय आहे. कारण कण एका फ्रेमला भिंतीच्या अलीकडे व दुसऱ्या फ्रेमला पलीकडे असला, तर मध्यें भिंत होती हें हिशेबाला कळावें कसें?

येथपर्यंत तिन्ही साधनें कमीअधिक सारखींच. आतां मागणी थोडी वाढवूं. ठिणगी पाण्यावर पडली तर विझावी, तेथें वाफेचा लहानसा झोत उठावा, आणि जी ठिणगी फरशीवर पडेल ती एकदां उसळून मग काळी पडावी. आतां प्रत्येक कणाला एक चरित्र आलें. ‘असें झालें तर तसें कर’ ही भाषा आली. ब्लेंडरच्या तक्त्यांत आदळतांच कण नाहींसा करण्याची खूण आहे. पण त्याच जागीं दुसऱ्या प्रकारचा कण जन्मावा असें सांगण्यास त्या तक्त्यांत सोयीचा रकानाच नाहीं. मायेंत टकरीच्या प्रसंगाची एक वेगळी चौकट आहे. तिच्यांत आदळल्यावर नवे कण सोडावे कीं जुन्याचे तुकडे करावे, आणि मूळचा कण मरावा कीं राहावा, हें सांगतां येतें.

ह्या प्रकारचें सर्वांत बोलकें साधन थ्रीडीएस मॅक्समध्यें आहे. २००३ पासून त्यांत असलेलें ‘पार्टिकल फ्लो’ हें प्रसंगांच्या साखळीवर रचलेलें आहे. एका प्रसंगांत कण काय करतो तें लिहावयाचें. त्याखालीं एक परीक्षा ठेवावयाची — आदळला काय? वय अमुक झालें काय? वेग मंदावला काय? — आणि परीक्षेला उतरलेला कण पुढच्या प्रसंगाकडे पाठवावयाचा. आगगाडीच्या जंक्शनांत सांधे बदलून डबे निरनिराळ्या रुळांवर घ्यावेत, तसा हा प्रकार. वाचतांना सगळी कथा एका दृष्टिक्षेपांत दिसते, हा त्याचा मोठा गुण. मात्र परीक्षांची व कृतींची यादी ठरलेली असते. यादीबाहेरचें कांहीं हवें असल्यास आज्ञा लिहाव्या लागतात किंवा दुसऱ्या कंपनीची जोड घ्यावी लागते.

तिसरी रीत नोडांची. नोड म्हणजे एक लहान काम करणारी डबी: एक डबी कणाचा वेग वाचते, दुसरी त्यास गुणते, तिसरी निकाल परत कणाला देते. अशा डब्या तारांनीं जोडून कलावंत स्वतःचाच नियम तयार करतो. हुडिनी मुळापासून ह्याच पायावर उभें आहे. आपल्या ठिणगीचें उदाहरण घेतलें तर तेथें टक्कर ओळखणारा एक नोड, टक्कर झालेल्यांचा गट पाडण्याची सोय, आणि त्या गटांतील कणांपासून नवे कण निर्माण करणारा आणखी एक नोड अशी जोडणी होते. आणि एवढ्यानें भागलें नाहीं तर व्हेक्स नांवाच्या भाषेंत दोन ओळी लिहून प्रत्येक कणाला वेगळी बुद्धि देतां येते. तक्ता भरण्यास दहा मिनिटें लागतात तेथें ही जोडणी करण्यास प्रथम दिवस जातो. पण पंधराव्या वेळीं दिग्दर्शकानें बेत बदलला तरी ती मोडावी लागत नाहीं.

ह्याच वळणावर मघां सांगितलेली हकीकत येते. मॉन्ट्रियल येथें १९८६ मध्यें दानिएल लांग्ल्वा ह्यांनीं सॉफ्टइमेज ही संस्था काढली. तिच्या सॉफ्टवेअरमध्यें २००८ मध्यें ‘आइस’ नांवाची नोडपद्धति आली, आणि कणांचें काम करणाऱ्या पुष्कळ कलावंतांनीं ती जीव लावून आत्मसात केली. त्याच वर्षीं हें सॉफ्टवेअर ऑटोडेस्कनें विकत घेतलें, आणि २०१४ च्या मार्च महिन्यांत, आतां येणारी आवृत्ति शेवटची, असें जाहीर केलें. साधन चांगलें होतें. वापरणारे निष्ठावंत होते. तरी तें संपलें. ज्यांनीं ‘आइस’मध्यें कणांचा कायदा लिहिणें शिकून घेतलें होतें त्यांना हुडिनीची भाषा परकी वाटण्याचें कारण नव्हतें, कारण व्याकरण तेंच होतें. ज्यांनीं केवळ कोणती डबी कोठें आहे हें पाठ केलें होतें त्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागणें अटळ होतें.

आणि नोडांची ही रीत पुढें सर्वत्र पसरली. मायेंत २०१९ पासून बायफ्रॉस्टची नोडजोडणी आली. ब्लेंडरमध्यें २०२१ पासून जॉमेट्री नोड्स आणि २०२३ मध्यें, मागील फ्रेमची स्थिति लक्षांत ठेवणारे सिम्युलेशन नोड्स आले. मागील स्थिति लक्षांत ठेवणें ही क्षुल्लक बाब नव्हे. कणप्रणालीचा प्राणच त्यांत आहे. ‘आतां कोठें आहे’ हें ठाऊक असल्यावांचून ‘पुढें कोठें जाईल’ हें सांगतां येत नाहीं. त्यामुळें पूर्वीं ब्लेंडरच्या तक्त्यांत न मावणारी वाफेची मागणी आतां त्याच सॉफ्टवेअरमध्यें पुरी करतां येते. फक्त ती हातानें जोडून घ्यावी लागते.

आतां तिसरी मागणी. ठिणग्यांच्या ऐवजीं वाळूचा ढीग ओतावयाचा आहे. येथें सारा प्रश्नच पालटतो. ठिणग्यांना एकमेकींची ओळख नसते. वाळूचा प्रत्येक कण मात्र शेजाऱ्याच्या अंगावर टेकलेला असतो. प्रत्येक कणानें दुसऱ्या प्रत्येक कणाची चौकशी करावयाची म्हटलें, तर १ लाख कणांच्या सुमारें ५०० कोटी जोड्या होतात, आणि हें प्रत्येक फ्रेमला. म्हणून अवकाशाचे लहान चौरस कप्पे पाडून कणाला केवळ आपल्या व लगतच्या कप्प्यांतील शेजारीच पाहावयास सांगतात. हुडिनीमध्यें दाणेदार ढिगांची खास सोय २०१५ पासून आहे. मायेच्या एनपार्टिकल्समध्यें गोळे, ढग व पाणी असे तयार प्रकार मिळतात व त्यांना परस्परांवर आदळूं देतां येतें. ब्लेंडरच्या जुन्या तक्त्यांत द्रवासाठीं शेजाऱ्यांची दखल घेणारा एक प्रकार आहे. वाळूच्या ढिगासाठीं मात्र त्यांत खास यंत्रणा नाहीं.

बर्फ तर ह्याहूनहि अवघड, कारण तें वाळूसारखें सुटतें आणि लगद्यासारखें चिकटतें. डिस्नेच्या २०१३ मधील ‘फ्रोझन’ चित्रपटासाठीं तेथील तंत्रज्ञांनीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गणितज्ञांच्या सहकार्यानें एक पद्धति विकसित केली. तिच्यांत वस्तुमान कणांजवळ राहतें, बलांचा हिशेब जाळीवर होतो, आणि निकाल पुन्हा कणांना दिला जातो. त्या वेळीं हें डिस्नेचें घरचें साधन होतें. ह्याच जातीची यंत्रणा पुढें २०१९ मध्यें बायफ्रॉस्टमध्यें आणि २०२४ मध्यें हुडिनीमध्यें आली. मोठ्या स्टुडिओच्या भट्टींत तयार झालेली कल्पना सामान्य कलावंताच्या टेबलावर येण्यास किती काळ लागतो, त्याचा अंदाज ह्यावरून यावा.

येथेंच एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. दाट धूर व मोठी आग हीं आज बहुतेक ठिकाणीं निव्वळ कणांनीं करीत नाहींत. त्यासाठीं जागेचे घनाकार कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यांत धुराची दाटी, उष्णता व वेग किती, ह्याचा हिशेब ठेवतात. ब्लेंडरमध्यें हें काम २०२० पासून मँटाफ्लो करतें. हुडिनीमध्यें पायरो करतें. वाहत्या पाण्यासाठीं कण व जाळी ह्यांची संयुक्त पद्धति वापरतात. तेव्हां कणांच्या साधनानें धूर चांगला निघत नाहीं म्हणून साधनाला दोष देणें म्हणजे चाळणीनें पाणी भरतां येत नाहीं म्हणून चाळणीला दोष देण्यासारखें आहे.

चौथी मागणी वेळेची. चित्रपटाची एक फ्रेम तयार होण्यास तास लागले तरी प्रेक्षकाला तें कळत नाहीं. खेळांत तसें चालत नाहीं. सेकंदाला ६० चित्रें दाखवावयाचीं म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यांत ठिणग्यांखेरीज इतरहि सर्व कामें उरकावयाचीं असतात. अनरियल इंजिनमध्यें पूर्वीं कॅस्केड नांवाचें साधन होतें. २०१८ पासून त्याची जागा नायगारा घेऊं लागलें. युनिटीमध्यें २०१२ पासून शुरिकेन हें तक्त्याच्या जातीचें साधन आहे, आणि २०१८ पासून लक्षावधि कणांचा भार चित्रगणकावर टाकणारें व्हिज्युअल इफेक्ट ग्राफ हें नोडांचें साधन आहे. वेग साधण्यासाठीं येथें कांहीं सवलती घ्याव्या लागतात. उदाहरणार्थ, कणांची टक्कर पुष्कळदां कॅमेऱ्याला दिसणाऱ्या खोलीच्या चित्रावरूनच ठरवितात; कॅमेऱ्याला जी भिंत दिसत नाहीं ती कणालाहि दिसत नाहीं, आणि तो तिच्यांतून निघून जातो. खेळाडूचें लक्ष पुढें असतें, म्हणून हें खपतें. चित्रपटांत खपणार नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट टोकाला सपाट चित्रांचें जग आहे. आफ्टर इफेक्ट्स हें थरावर थर रचण्याचें सॉफ्टवेअर. त्यांत ट्रॅपकोड पर्टिक्युलर ही बाहेरची जोड घेऊन शीर्षकांची अक्षरें सोन्याच्या भुकटींत विरघळवणारे कलावंत पुष्कळ आहेत. तेथें भौतिक सत्यापेक्षां झटपट सौंदर्याला मान असतो, आणि जाहिरातीला तेंच हवें असतें. हातानें काढलेल्या चित्रपटांसाठीं ओपनटूंझ हें २०१६ पासून मुक्त झालेलें सॉफ्टवेअर आहे. त्यांत चित्रकारानें स्वतः काढलेलें पान, फूल वा ठिणगी हाच कण म्हणून उडवितां येतो. हजार पानें गळावयाचीं असलीं तरी त्यांतली रेषा माणसाच्या हाताचीच राहते, हें त्याचें वैशिष्ट्य.

ह्या निरनिराळ्या राज्यांत आतां दळणवळणहि सुरू झालेलें आहे. २०११ मध्यें सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स व लुकासफिल्म ह्यांनीं अलेंबिक, २०१२ मध्यें ड्रीमवर्क्सनें धुरासारख्या घनवस्तूंसाठीं ओपनव्हीडीबी, आणि २०१६ मध्यें पिक्सारनें संपूर्ण दृश्यांसाठीं यूएसडी असे फाइलींचे नमुने सर्वांस खुले केले. त्यामुळें हुडिनीमध्यें घडविलेल्या ठिणग्या ब्लेंडरमध्यें नेऊन तेथें रंगवितां येतात. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: फाइलीबरोबर कणांच्या जागा, वेग व रंग जातात, त्यांचा कायदा जात नाहीं. पलीकडे गेलेली ठिणगी दाखवितां येते. तिला ‘थोडी उशिरा विझ’ असें सांगावयाचें झाल्यास पुन्हा मूळ घरीं यावें लागतें.

आतां निवडीचा प्रश्न. काम हातीं असलेल्या माणसानें तीन गोष्टी विचाराव्यात. एका चित्राला वेळ किती मिळणार, रात्रभर कीं सेकंदाचा साठावा भाग? कणांनीं एकमेकांस ओळखावयाचें आहे काय? आणि काम किती वेळां बदलावें लागेल? एकदांच करावयाच्या साध्या पावसाला ब्लेंडरचा तक्ता पुरतो. त्यासाठीं हुडिनी मांडून बसणें म्हणजे भाजी चिरण्यास तलवार घेणें. ज्या दृश्यावर महिनाभर फेरबदल होणार तें तक्त्यावर उभारणें मात्र तितकेंच अविचाराचें. खेळासाठीं काम असेल तर आरंभापासूनच अनरियल वा युनिटी ह्यांच्या मर्यादांत विचार करावा.

आणि जो अजून शिकणारच आहे, त्यानें पैशाची घाई करूं नये. ब्लेंडर फुकट आहे. हुडिनीची अप्रेंटिस नांवाची शिकाऊ आवृत्ति, व्यवसायाखेरीज इतर उपयोगासाठीं, फुकट मिळते. अनरियलवर शिकण्यासहि पैसे पडत नाहींत. घरच्या संगणकावर एकच फुलबाजी तीन रीतींनीं करून पाहावी: प्रथम तक्ता भरून, मग ब्लेंडरच्या सिम्युलेशन नोडांनीं, मग हुडिनीमध्यें. प्रत्येक वेळीं दर सेकंदाला किती जन्म, किती आयुष्य, कोणतें बल, हे आंकडे आधीं कागदावर लिहावे आणि पडद्यावर तेच उमटले कीं नाहीं हें ताडून पाहावें. हा अभ्यास दोन महिने केला तर विद्यार्थ्याला ह्या कामाची गोडी आहे कीं नुसतें आकर्षण आहे, हेंहि घरच्यांना कळून येईल.

शिकवणीचा वर्ग पाहावयास जाल तेव्हां तेथील शिक्षकांना एकच प्रश्न नम्रपणें विचारावा: संगणक न उघडतां, फळ्यावर, एका ठिणगीचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा हिशेब विद्यार्थ्याकडून करवून घेतां काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तेथें कोणतें सॉफ्टवेअर शिकवितात ह्याची फारशी काळजी करण्याचें कारण नाहीं. उत्तर ‘नाहीं’ असेल, तर भिंतीवर कितीहि नामांकित सॉफ्टवेअरांचीं नांवें लिहिलेलीं असोत, फी भरण्यापूर्वीं आणखी एकदां विचार करावा.